दर्या आणि दऱ्या

गेल्या चवथीला आजोळी गेलो होतो, तेव्हा एका यंत्रानं मला सुनावलं की दर्या आणि दऱ्या हे एकच. सुनावलं म्हणजे काय, त्याच्या नेहमीच्या कोरड्या भाषेत एक लाल ओळ फेकली: 'डुप्लिकेट एंट्री'. गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर, पावसानं फुगून न लागणाऱ्या खिडकीशी बसून मी पुस्तकांच्या विषयांची यादी भरत होतो. यादीचा नियम मीच घातलेला, की एक शब्द एकदाच. सकाळी मासेमारीवरच्या एका पुस्तकासाठी 'दर्या' भरून झाला होता. दुपारी, खतखत्याचं जेवण अंगावर आलेलं असताना, घाटवाटांवरचं एक पुस्तक हाती आलं आणि मी 'दऱ्या' टाइप केलं. घेतलं नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा, जरा जोरात कळ दाबून केलं. पंचवीस वर्षं डेटाबेसची नोकरी करूनसुद्धा माणूस अशा वेळी कळ जोरात दाबतोच. खाली टेबलाशी बसलेल्या ग्रंथपाल बाईंनी वर मान करून विचारलं, "कितें जालें पुता?" मी म्हटलं, काही नाही, याला डोंगर आणि समुद्र यातला फरक कळत नाहीये. त्या म्हणाल्या, "पावसांत कोणाक कळटा?"

त्या हसल्या, मीही हसलो. पण ती ओळ काही डोक्यातून गेली नाही.

आम्हाला सातवीला मराठी शिकवणारे सर या 'ऱ्य'च्या बाबतीत फार कडक होते. फळ्यावर 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' असे दोन शब्द शेजारीशेजारी काढायचे आणि म्हणायचे, "आचाऱ्यांना शिधा द्यायचा, आचार्यांना दक्षिणा. उलट केलंत तर दोघंही उपाशी." मग वृत्त शिकवताना पुन्हा तेच. 'दर्या' म्हणताना 'द'वर आघात येतो, म्हणून तो गुरू. 'दऱ्या' म्हणताना येत नाही, म्हणून लघू. आम्ही बाकावर बोटं आपटत दोन्ही म्हणून पाहायचो. दर्‌-या. द-ऱ्या. पहिल्यात जीभ थबकते, दुसऱ्यात नुसती घसरून जाते. उतारावरच्या ओल्या दगडासारखी, असं मला तेव्हा वाटायचं, आणि दऱ्यांना तसंच असायला हवं हेही पटायचं. हिंदीच्या पुस्तकात ही भानगड नव्हती. मराठीच्या डोक्यावरचा एवढासा आडवा केस, पण त्यानं समुद्राची दरी होते.

आता यंत्राची बाजू. बाजू आहे, आणि दुर्दैवानं ती माझीच आहे. या वाचनालयात चार भाषांची पुस्तकं आहेत: मराठी, कोंकणी, इंग्रजी आणि पोर्तुगीज. पोर्तुगीज लिहिताना रोमन अक्षरांना शेपट्या लागतात, डोक्यावर नागमोडी रेघा येतात. गोन्साल्विस हे आडनाव तिथे लिहितात तेव्हा मधल्या 'सी'च्या पोटाखाली एक आकडी असते. आजच्या वाचकाच्या कीबोर्डवर ती आकडी कुठून येणार? तो साधा 'सी' मारून शोधतो, आणि त्याला गोन्साल्विस सापडायलाच हवा. म्हणून मी संपूर्ण डेटाबेसला असं कोलेशन (कोणती अक्षरं सारखी धरायची आणि कोणत्या क्रमानं लावायची याचा नियम) लावलं, की ज्याला अक्षरांवरचे उच्चारचिन्हांचे दागिने दिसतच नाहीत. त्याच्या नावातच 'एआय' आहे, म्हणजे ॲक्सेंट इन्सेन्सिटिव्ह. (हल्ली हे नाव उच्चारलं की समोरच्याचे डोळे चमकतात, हे एआय ते नव्हे.) आता युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक खुणेला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या हिशेबात 'ऱ' हे अक्षर म्हणजे 'र' आणि त्याखालचा नुक्ता, म्हणजे टिंब. आणि नुक्ता हा त्या कोलेशनच्या दृष्टीनं दागिनाच. सी-ची आकडी उतरवली त्याच हातानं त्यानं 'ऱ'चा नुक्ताही उतरवला, आणि खाली उरला नुसता र. दर्या बरोबर दऱ्या. यंत्रानं काहीच चुकीचं केलं नव्हतं. सारखं कशाला म्हणायचं हे मी त्याला पोर्तुगीजमध्ये सांगितलं होतं, आणि त्यानं ते मराठीत ऐकलं.

तसं ते निस्तरणं एका ओळीचं काम होतं. त्या एका रकान्याला वेगळं, डोळस कोलेशन लावलं, दऱ्या आत गेल्या. पण पंचवीस वर्षांत असे किती शब्द मी लाल ओळ वाचून, "आधीच आहे वाटतं" म्हणून सोडून दिले असतील?

या वाचनालयाचा आधीचा कॅटलॉग कसा मेला, ती गोष्ट सांगायला हवी. दोन हजारच्या पुढेमागे कोणा हौशी विद्यार्थ्यानं तो संगणकावर घेतला होता. सुरुवातीचं मराठी त्या काळच्या फाँटांतलं, म्हणजे वरून मराठी आणि पोटात रोमन अक्षरांचा चिवडा. फाँट लावला तर 'वाचनालय', काढला तर आकडे, कंस आणि स्वल्पविराम यांची आतषबाजी. पुढे कोणीतरी ते सगळं युनिकोडमध्ये आणायचं ठरवलं. हेतू चांगलाच. पण नवा मजकूर ज्या तक्त्यात ओतला, तो तक्ता होता लॅटिन-1 चा. पश्चिम युरोपातल्या भाषांपुरती जेमतेम अडीचशे खणांची पेटी ती; तिच्यात 'म'ला खण नाही, 'ळ'ला तर नाहीच. अशा वेळी मायएस्क्यूएल हा डेटाबेसचा प्रोग्रॅम, त्याला कडक वागायला सांगितलेलं नसेल तर, अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतं, हळूच एक इशारा देतं आणि पुढे जातं. इशारा वाचतो कोण? मी तो कॅटलॉग पहिल्यांदा उघडला, तेव्हा पडद्यावर वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हांची शेतं होती. आणि त्या शेतांत मधूनमधून, ताठ मानेनं, शेपट्या आणि नागमोडी रेघांसकट, पोर्तुगीज पुस्तकं उभी. लॅटिन-1 मध्ये त्यांचं सगळं बसतं. 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीज गेले. आमच्या कॅटलॉगात मात्र शेवटी तेच तेवढे शाबूत राहिले होते.

बाई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्या सगळ्या पुस्तकांबद्दल शंकाच आहे म्हणायची."

नशीब असं, की कागदी दाखल रजिस्टर होतं. लाल कापडी पाठीचं, वाळवीनं कडा कुरतडलेलं, निळ्या-काळ्या शाईतलं. त्यातली काही पानं एका पावसाळ्यात भिजून एकमेकांना चिकटली होती. ती सोडवताना शाई बोटांना आली, अक्षरं गेली. त्या पानांवरच्या पुस्तकांसाठी आमच्याकडे उरली फक्त प्रश्नचिन्हं. मग आम्ही एक खेळ सुरू केला, म्हणजे मी, बाई आणि सुट्टीत मदतीला आलेल्या कॉलेजच्या दोन मुली. मोडताना प्रत्येक खुणेमागे एक प्रश्नचिन्ह उरलेलं असतं, त्यामुळे ती मोजून नाव ओळखता येतं का पाहायचं. पण आपण मोजतो तशी अक्षरं मोजून चालत नाही. ओळीत न तुटता अकरा प्रश्नचिन्हं होती. एक मुलगी म्हणाली, अकरा अक्षरी नाव कुठलं असणार? मी कागदावर मांडून दाखवलं: ज, पायमोड, ञ, काना, न, मात्रा, श, पायमोड, व, र, वेलांटी. आपल्या तोंडाला चारच अक्षरं लागतात, यंत्राला अकरा. बाई मांडणी संपायच्या आत उठल्या, कपाटाशी गेल्या आणि ज्ञानेश्वरी घेऊन आल्या. आतल्या शिक्क्यावरचा दाखल क्रमांक जुळला. त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी जेवढा आरडाओरडा केला तेवढा त्या वाचनालयात पूर्वी कोणी केला नसेल. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. तीही इतकी जुनी की 'राखा'तला 'ख' पुसून 'रा व' दिसत होता.

अक्षरं मोडण्याच्या तऱ्हा तरी किती! प्रश्नचिन्ह ही सगळ्यांत वाईट, कारण त्यातून परत येणं नाही. दुसरी एक आहे, ती दिसायला भयंकर पण खरं तर बरी होणारी. मजकूर यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटांत साठवायच्या पद्धतीत, येतो, पण मधली जोडणी त्याला लॅटिन-1 समजते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, आणि लॅटिन-1 त्या तिन्हींना तीन सुटी अक्षरं समजून छापतं. पहिलं येतं डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन 'ए', दुसरं चलनाचं एक गोल चिन्ह. स्वर आणि व्यंजनं, काना आणि ऱ्हस्व वेलांटीपर्यंत हेच गोल चिन्ह. पण दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, पायमोड आली की त्याच्या जागी चक्क जपानी येन. म्हणून असा बिघडलेला मजकूर लांबून पाहिला तरी मला कळतं की देवनागरी आहे, आणि येन जास्त दिसले की मात्रा, उकार नि जोडाक्षरं बरीच आहेत. हे ज्ञान मला नोकरीनं दिलं. याचा दुसरा उपयोग काहीही नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे कापाकापी. पुण्यात पहिल्या नोकरीत मी एका छपाईच्या प्रोग्रॅमवर होतो. त्यात आडनावाला वीस बाइट ठेवले होते. इंग्रजीत वीस बाइट म्हणजे वीस अक्षरं, ऐसपैस. मराठी सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी एक कुलकर्णी आले ते 'कुलकर्' होऊन. आठ खुणांचं आडनाव, चोवीस बाइट. सहा खुणा पुऱ्या बसल्या, सातवीचे दोन बाइट आत आणि एक बाहेर. त्यामुळे पाय मोडलेल्या 'र्' नंतर एक काळा चौकोन. ते गृहस्थ खिडकीवर येऊन शांतपणे म्हणाले, "आमचा णी कुठे गेला?" मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. लाजून रकाना तीनपट केला. नुसतं तीनपट करून भागत नाही, हे कळायला आणखी काही वर्षं आणि एक मोडलेला इंडेक्स (पटकन शोधता यावं म्हणून यंत्र ठेवतं ती सूची) लागला: जुन्या मायएस्क्यूएलमध्ये इंडेक्सची मर्यादा 767 बाइट, आणि चार बाइटांच्या हिशेबानं रकान्याची नेहमीची 255 अक्षरं काही तीत मावत नाहीत. म्हणून त्या काळातल्या कित्येक डेटाबेसांत 191 ही विचित्र संख्या दिसते. कोणी विचारलं तर सांगायचं, भागाकार आहे.

आणि स्वीडिश! हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मायएस्क्यूएल स्वीडनमधल्या कंपनीचं अपत्य; म्हणून बरीच वर्षं, तुम्ही काही न सांगता डेटाबेस बनवलात तर त्यातल्या शब्दांचा क्रम ठरायचा स्वीडिश बाराखडीनं. 2018 मध्ये आठवी आवृत्ती आली तेव्हा कुठे ते बदललं. म्हणजे जगभरातल्या दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या, आणि आमच्या वाचनालयाच्याही याद्या एका थंड देशाच्या वर्णक्रमात शिस्तीनं बसलेल्या होत्या. कोणाला पत्ताही नव्हता. इंग्रजीचं काही बिघडत नव्हतं ना. याच यंत्रात अंधत्वाचे दुसरे नमुने आहेत. एका जुन्या कोलेशनमध्ये सगळी इमोजी सारखीच. सुशीचं चित्र शोधलंत तर बिअरचा ग्लास मिळतो. जपान्यांना याहून दुखरी जागा सापडली. त्यांच्या काताकाना लिपीत 'हाहा' म्हणजे आई आणि 'पापा' म्हणजे बाबा, फरक फक्त डोक्यावरच्या बारीक गोलाचा. आणि दागिने न पाहणाऱ्या कोलेशनला आई नि बाबा एकच. हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात मोठ्यानं हसलो होतो. माझी दरी माझ्याच यादीतून हाकलली जात असेल, हे तेव्हा सुचलं नाही.

यादी छापून बाईंच्या हातात दिली तो दिवस मात्र वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहिला. त्यांनी ती मागून उलटली. थेट शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ज्ञानेश्वरी नाही. मी म्हटलं, आहे, 'ज'मध्ये बघा. "'ज'मध्ये? का?" त्यांच्या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते देताना मला कसंसंच झालं. कारण यंत्राच्या लेखी 'ज्ञ' नावाचं अक्षरच नाही. ज, पायमोड आणि ञ आहे. म्हणून ज्ञानेश्वरी 'जौ'नंतर आणि 'ज्येष्ठ'च्या आधी, गर्दीत अंग चोरून उभी. क्षमा, क्षितिज, क्षेत्र हे सगळे 'कौ'च्या मागे. आणि 'काळ' हा 'काव्य'च्या आधी, कारण युनिकोडनं देवनागरीची मांडणी घेतली ती इस्कीवरून, भारतीय लिप्यांना एका चौकटीत बसवणाऱ्या आपल्याच मानकावरून; त्या चौकटीत ळ हा ल-च्या शेजारी बसतो. बाईंनी चष्मा काढला आणि पोरांना शिकवावं तसं म्हणून दाखवलं: "श ष स ह ळ क्ष ज्ञ." शेवटच्या तीन अक्षरांवर आवाज थोडा उतरला. शाळेत आम्हीही तसेच उतरायचो. वर्णमाला संपत आली, आता सुट्टी. हा उतार कोणत्या तक्त्यात भरायचा?

मायएस्क्यूएलच्या आठव्या आवृत्तीत स्वीडिशबरोबर आइसलँडिक आहे, लॅटव्हियन आहे, एस्पेरांतो आहे, मेलेली लॅटिनसुद्धा आहे. मराठी नाही. 2011 च्या जनगणनेत आठ कोटींवर माणसांनी जिचं नाव आपली मातृभाषा म्हणून सांगितलं, तिच्या क्रमाला तिथे नाव नाही. हिंदीलाही नाही, हा काही दिलासा नव्हे. रागावून उपयोग नसतो. ही कामं कोणीतरी बसून केलेली असतात, आणि आपल्यातलं कोणी बसलं नाही. दुसरीकडे मात्र कोणीतरी बसलं होतं: युनिकोडवाल्यांच्या भाषावार नोंदींत मराठीचा क्रम रीतसर लिहिलेला आहे, ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस 2017 च्या दहाव्या आवृत्तीपासून तो वापरू शकतो. म्हणून दिवाळीत मी सगळा संसार तिकडे हलवला. पुस्तकं मराठी असतील तर मराठी क्रम, पोर्तुगीज असतील तर पोर्तुगीज. नवी यादी बाईंना पाठवली. फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला, मग थोडी शांतता, मग "मेळ्ळें मरे!" पगारवाढीच्या पत्रांपेक्षा हे दोन शब्द मला अजून जास्त आठवतात.

पण चार भाषांचा डेटाबेस म्हणजे फक्त अक्षरांचा प्रश्न नव्हे, हे समितीच्या बैठकीत कळलं. पुस्तकाची भाषा निवडायला एक यादी पडद्यावर उघडते. तिच्यात वर कोणाचं नाव? गोव्यात हा प्रश्न सहज विचारायचा नसतो. 1987 च्या राजभाषा कायद्यावरून इथे घराघरांत जे झालं ते पाहिलेली माणसं समितीवर होती. एक म्हणाले, वाचनालय मराठी, मराठी वर. दुसरे म्हणाले, राज्य कोंकणीचं, कोंकणी वर. मग 'कोंकणी'वर अनुस्वार हवा की नको यावर पंधरा मिनिटं. चहा आला, निवला. मी शेवटी म्हटलं, आपण अकारविल्हे लावू, कोणाची तक्रार नको. लावलं. इंग्रजी, कोंकणी, पोर्तुगीज, मराठी. इंग्रजी सगळ्यात वर आली, आणि गंमत म्हणजे त्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

त्याहून अवघड होतं एकेका पुस्तकाला एकेक भाषा देणं. मूळ तक्त्यात भाषेला एकच रकाना होता. पहिल्याच आठवड्यात एक वही आली, धालोच्या, म्हणजे बायका अंगणात नाचताना म्हणतात त्या गाण्यांची, कोणा आजीनं सांगितलेली आणि नातवानं उतरवलेली. एक ओळ कोंकणी, दुसरी मराठी, तिसरी दोन्हींपैकी जी म्हणाल ती. मी बाईंना विचारलं, ही कुठली म्हणायची? "ती अंगणातली," बाई म्हणाल्या. मी भाषांचा तक्ता वेगळा काढला, एका पुस्तकाला हव्या तितक्या भाषा जोडता येतील असा. मग लक्षात आलं की लिपीलाही वेगळं घर हवं. आपण भाषा आणि लिपी इतक्या गृहीत धरतो की मराठी म्हटलं की देवनागरीच डोळ्यांपुढे येते. पण याच मातीत, रायतूरला, 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, आणि ते मराठी ओव्यांचं पुस्तक रोमन अक्षरांत आहे, कारण देवनागरी खिळे नव्हते. म्हणजे पेटीत खण नसला की अक्षरांचं काय होतं, हा प्रश्न इथे चारशे वर्षं जुना आहे. त्या माणसानं निदान प्रश्नचिन्हं तरी छापली नाहीत. आजोबांचं शिक्षण पोर्तुगीजमधून 'सेगुंद ग्राव'पर्यंत, म्हणजे प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत, झालेलं. मराठी ते घरी शिकले. त्यांच्या हिशेबाच्या वहीत मराठी वाक्यं रोमन अक्षरांत आहेत, आणि मधेच देव आला की तेवढं नाव देवनागरीत. लहानपणी मला वाटायचं, आजोबांना एक लिपी पुरत नाही.

शोधाचं काम मी सगळ्यात शेवटी घेतलं, कारण मला ते सोपं वाटलं होतं. बाईंनी 'काही' शोधलं आणि जुन्या पुस्तकांपैकी एकही आलं नाही. ती सगळी 'कांहीं' होती. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या मुखपृष्ठांवर ते पावसातल्या थेंबांसारखे जागोजाग टपकलेले आहेत. मुखपृष्ठावर जे आहे तेच कॅटलॉगात हवं, यावर बाई ठाम, आणि मीही. मग उपाय एकच: प्रत्येक नावाच्या दोन प्रती ठेवायच्या. एक जशी आहे तशी, कोणी हात न लावलेली. दुसरी फक्त शोधासाठी, सगळे कोपरे घासलेली. पोर्तुगीजच्या शेपट्या काढलेली. मराठीचे जुने अनुस्वार काढलेले, ऱ्हस्व-दीर्घ एक केलेले. 'ॲ' हा एका खुणेचा असो की 'अ'वर चंद्र ठेवून केलेला, दिसायला जुळी भावंडं असली तरी यंत्राला ती परकी, म्हणून त्यांचीही एकच तऱ्हा केलेली. नियम लिहीत गेलो. एकेक नियम म्हणजे एकेक फरक पुसणं होतं, आणि प्रत्येकाला कारण होतं, कारण वाचक असंच टाइप करतात.

मग मी वाचकांनी मागच्या महिन्याभरात काय काय शोधलं ते काढून पाहिलं. 'ऱ्य' लिहायचा असेल तिथे बहुतेकांनी 'र्य' मारलं होतं. 'सुर्या', 'पायर्या', 'गोर्या', 'तार्यांचे'. फोनवर तो ऱ कसा काढायचा हे कोणाला ठाऊक? माझ्या मुलीनं गेल्या पावसाळ्यात भीमाशंकरहून पाठवलेला निरोप काढून पाहिला: 'बाबा, इथे दर्या किती हिरव्या आहेत'. तेव्हा मला चूक दिसलीही नव्हती. दऱ्याच वाचलं होतं मी. माझ्या डोळ्यानंही ते दागिने उतरवले होते.

रात्री साडेअकराला, पुण्याच्या घरात, मी तो शेवटचा नियम लिहिला. शोधाच्या प्रतीत 'ऱ्य' आणि 'र्य' एक धरावेत. सातवीच्या सरांची आठवण झाली आणि हात दोन-तीन मिनिटं कीबोर्डवर नुसता पडून राहिला. मूळ रकान्यात दोन्ही शब्द वेगळे आहेत, दोघांना आपापला क्रमांक आहे, कोणी कोणाला हाकलत नाही, असं स्वतःला दोनदा सांगितलं. मग एंटर दाबलं. चवथीला ज्या गोष्टीसाठी यंत्रावर चिडलो होतो, तीच मी कार्तिकात जाणूनबुजून केली.

परवा बाईंचा फोन आला. नववीतला एक मुलगा शाळेच्या प्रकल्पासाठी आला होता, समुद्रावर काहीतरी हवं म्हणून. त्यानं 'दर्या' टाकलं. पडद्यावर मासेमारीचं पुस्तक आलं आणि खाली घाटवाटांचंही. मी म्हटलं, अरेरे, चुकीचं आलं ना? त्या म्हणाल्या, "चुकीचं म्हणजे काय, तो दोन्ही घेऊन गेला." मासेमारीचं त्यानं तिसऱ्या दिवशी आणून दिलं. दुसरं अजून त्याच्याकडेच आहे, मुदत संपून आठवडा झाला, आणि दंड लावायचा की नाही हे विचारायला त्यांनी फोन केला होता.